बाइंडिंगमध्ये वाचलेलं पत्रक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला घेतलं ते माझ्या इंग्रजीमुळे. पहिल्याच दिवशी सुपरिंटेंडेंटसाहेबांनी माझ्याकडून अर्धं पान टाइप करून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "कॉन्व्हेंट?" मी मान हलवली. "दिसतंच आहे," ते म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नोकरी तात्पुरती होती. वर्षभर काम बघणार, मग साहेब वर अहवाल पाठवणार, आणि अहवाल चांगला असला तर कायम करणार. घरी बाबांनी याच वर्षाला एक अट बांधली होती. आई गेल्यापासून आमचं घर आत्याच्या सल्ल्यानं चालायचं. आत्या गिरगावातल्या आमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहायची, आणि तिच्याकडे पुण्याचं एक स्थळ तयार होतं. बाबा म्हणाले, "नोकरी कायम झाली तर मी कुणालाही घरी आणणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू सांग. नाही झाली, तर मात्र त्यांना येऊन बघून जाऊ दे." बाबा एका जहाजकंपनीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. व्यवहार दोन्ही बाजूंनी नीट असावा असं त्यांना वाटे. मी हो म्हटलं. तेव्हापासून ग्रंथालयाकडून मला एकच गोष्ट हवी होती, ‘कायम’ असं लिहिलेला कागद. तो मिळेपर्यंत कुणाच्या नजरेत यायचं नाही असं मी ठरवलं. ते मला अवघड नव्हतं. मी मुळातच कमी बोलते, आणि शाळेत त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं.

कार्डं टाइप करण्याखेरीज माझ्याकडे ‘स्टाफ न्यूज’ होतं. महिन्याकाठी सायक्लोस्टाइल केलेली दोन पानं, इंग्रजीत. कोण विलायतेहून परत आलं, कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, रजेचा नवा नियम, वाचनकक्षाची बदललेली वेळ. साहेब पेन्सिलीनं लिहून देत आणि मी स्टेन्सिल कापत असे. टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला एकेक प्रत मिळे. खाकी कपड्यांतल्या लोकांना, म्हणजे कपाटांतून पुस्तकं काढून देणारे अटेंडंट आणि मागच्या बाजूचे बाइंडर यांना, सगळ्यांना मिळून एक. शिपाई ती घेऊन फिरायचा आणि कोऱ्या बाजूवर सह्या घेऊन यायचा, वाचलं म्हणून. एक म्हातारे बाइंडर मोडीत सही करत. ती सही मला आवडायची. बाकी त्या पानाकडे मी पाहत नसे. फाइलला लावलं की माझं काम संपलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं शहर तेव्हा तापलेलं होतं. आमच्या चाळीच्या जिन्यात कुणीतरी गेरूनं ‘झालाच पाहिजे’ लिहून ठेवलं होतं. मालकाचा माणूस ते पुसून गेला की दिवे लागायच्या आत ते पुन्हा तिथे असे. ग्रंथालयासमोरून मोर्चा निघाला की साहेब रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेत. "धूळ," ते म्हणत. ते दादरचे होते, स्वतः मराठी, पण ऑफिसात कुणी मराठीतून काही विचारलं तर उत्तर इंग्रजीतून देत. वाईट माणूस नव्हे. माझं काम ते दोनदा तपासत आणि चूक सापडली नाही की त्यांना खरंच आनंद होई.

त्या महिन्यात साहेबांनी पत्रकासाठी एक नवीन मजकूर दिला. ग्रंथालयात दर शनिवारी दुपारी स्टाफसाठी ट्रेनिंगचा वर्ग सुरू होणार होता. पुस्तकांचं वर्गीकरण, कार्डं कशी करायची, वाचकांना मदत कशी करायची. शेवटी परीक्षा, आणि पास होणाऱ्यांचा असिस्टंटच्या जागांसाठी विचार होणार. वर्ग सर्व स्टाफला खुला. नावं पंधरा तारखेपर्यंत ऑफिसात द्यावीत. जे देणार नाहीत त्यांची इच्छा नाही असं धरलं जाईल. मी स्टेन्सिल कापली, प्रती काढल्या, वाटल्या. शिपाई खाकीवाल्यांची प्रत घेऊन गेला आणि माझा चहा निवायच्या आत सह्या घेऊन परत आला.

दुसऱ्या दिवशी परळला राहणारा एक अटेंडंट माझ्या टेबलापाशी आला. त्याला सगळे ओळखत, कारण तो ऑफिसशी सतत भांडत असे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्याचं भांडण एकच होतं, नोकरीच्या कागदांवर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा. ऑफिस म्हणे, बघू. तो दर सोमवारी विचारायला येई.

"काय बाई," तो म्हणाला, "ह्या खेपेला कुणाचं लगीन?"

मला कळेना. "कुठे?"

"तुमच्या कागदात. लग्नं न् निरोपसमारंभच असतात ना त्यात?"

"पण तुम्ही सही केली आहे," मी म्हटलं.

"सही केली. वाचलं कुठं म्हटलं मी? शिपाई पेन हातात देऊन डोक्यावर उभा राहतो. मी नाइट स्कूलनं मॅट्रिक केलंय, वाचता येतं मला, पण हळूहळू. तो थांबतोय होय? न् बाकीच्यांना तर एबीसीडी म्हणजे खिळे ठोकल्यासारखं दिसतं."

मी त्याला वर्गाचं सांगितलं. तो हसायचा थांबला. "परत सांगा," म्हणाला. मी परत सांगितलं. मग तो म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून काय फायदा? जेवणाच्या सुट्टीत बाइंडिंगमध्ये या न् सगळ्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, हा मनाचं सांगतोय. तुम्ही कागदवाल्या."

मी तोवर बाइंडिंगमध्ये कधी गेले नव्हते. ते ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला होतं. शिजवलेल्या सरसाचा वास दाराबाहेरूनच येई. मंडळी जमिनीवर डबे उघडून बसली होती आणि एक जण मराठी पेपर मोठ्यानं वाचत होता. बाकीचे जेवता जेवता ऐकत होते, मधेच एखादा म्हणे, "ते परत वाच रे, पकडले किती ते." गिरणगावात असंच वाचतात हे मला पुढे कळलं. पेपर एक, वाचणारा एक, ऐकणारी अख्खी चाळ. मी दारात दिसले आणि वाचन थांबलं.

मोडीत सही करणारे म्हातारे बाइंडर लालबागचे मालवणी होते. त्यांनी हातातला घास तसाच ठेवला. "हंय खंय गो इलंस, बाय?"

परळचा म्हणाला, "मामा, त्या आपल्या कागदाच्या बाई आहेत. वाचून दाखवणारेत."

मी उभी राहिले आणि इंग्रजी वाचून मनातल्या मनात मराठी करायला लागले. घरी मी मराठीच बोलते. पण घरी फक्त वाढ, दे, येते, जाते एवढंच लागतं. ‘धरलं जाईल’ हे मला पटकन सुचेना. "जे नाव देणार नाहीत... त्यांना... ते नकोसे आहेत असं होईल," मी म्हटलं.

सगळे हसले. "अहो बाई, नकोसे तर आम्ही आधीच आहोत," कुणीतरी मागून ओरडलं.

माझे कान तापले. मी कागद खाली केला. पण मामा म्हणाले, "हसतास कित्याक रे? आमका ता इंग्रजी कळना नाय. वाच गो बाय, तू वाच." मग मी सुरुवातीपासून पुन्हा वाचलं, या वेळी हळू. कुणी हसलं नाही. ‘सर्व स्टाफ’ या शब्दांपाशी एकानं विचारलं, "सर्व म्हणजे आम्हीपण?" मी म्हटलं, "असं लिहिलंय."

"लिहिलंय ना? बस झालं," परळचा म्हणाला.

पंधरा तारखेच्या आत बाइंडिंगमधून आणि कपाटांकडून इतकी नावं आली की टेबलवाल्यांपेक्षा ती जास्त झाली. मामांनीही नाव दिलं. त्यांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. "वय इचारतत काय?" त्यांनी मला विचारलं. कागदात वयाचं काही नव्हतं.

सोळा तारखेला साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"हा वर्ग क्लेरिकल साइडसाठी होता," ते म्हणाले.

"पत्रकात ऑल स्टाफ आहे, सर."

"ते तुम्ही टाइप केलंत."

"तुम्ही लिहिलं होतंत तेच टाइप केलं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे पाहत होते. मला माणसांच्या डोळ्यांत पाहून बोलता येत नाही.

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मी वाचून दाखवलं."

"कुठे?"

"बाइंडिंगमध्ये. जेवणाच्या सुट्टीत."

साहेबांनी चष्मा काढला. "बाहेर काय चाललंय तुम्हाला माहीत आहे. जमावबंदी लागते, चार माणसं नाक्यावर उभी राहिली तर पोलीस हटकतात. आणि तुम्ही इथे आत एवढ्या लोकांसमोर भाषण करता."

"भाषण नव्हतं, सर. तुमचंच पत्रक होतं."

"पत्रक फिरवायची एक पद्धत आहे. सही होते, ते पुरेसं आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमचा अहवाल मला पुढच्या महिन्यात लिहायचा आहे. तो चांगला लिहावा अशी माझी इच्छा आहे. पुन्हा असं वाचणार नाही, एवढ्या दोन ओळी लिहून द्या. मी सांगतो, तुम्ही लिहा. फाइलला राहतील, विषय संपेल."

मी म्हटलं, मी विचार करते. माझ्या बाजूच्या टेबलाशी कार्डांच्या कामात मुरलेल्या एक बाई बसत. दादरच्याच होत्या, नोकरी करणाऱ्या बायका ऑफिसात मोजक्याच असताना लागलेल्या. मी त्यांना सांगितलं.

"अगं, दे की लिहून," त्या म्हणाल्या. "मी अशा किती दिल्या असतील. कायम झालीस की मग काय हवं ते कर."

"तुम्ही केलंत?"

"काय?"

"कायम झाल्यावर, हवं ते."

त्यांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "कायम झाल्यावर माणूस काही करत नाही गं. पण तसं म्हणायचं असतं." आणि मग हसल्या, पण माझ्याकडे न बघता.

मला वाटतं, मी लिहून दिलंही असतं. सोपं होतं. साहेब सांगणार होते आणि मी नुसतं उतरवायचं होतं. पण कागद मशीनमध्ये घातल्यावर मला शाळा आठवली. आमच्या शाळेत मराठी बोलणं गुन्हा होता, पटांगणातसुद्धा. सापडलं की वहीत इंग्रजीतून पानभर लिहायचं, मी पुन्हा असं बोलणार नाही, मी पुन्हा असं बोलणार नाही. माझं अक्षर सुरेख असल्यामुळे सिस्टर माझं पान वर्गात दाखवत. गुन्हा माझा, आणि शिक्षेचं पानही माझंच सगळ्यांत चांगलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. मशीनसमोर बसून मला त्या अभिमानाचा राग आला.

मी दोन ओळीच टाइप केल्या. मी या महिन्याचं पत्रक बाइंडिंग विभागात वाचून दाखवलं. पुढच्या महिन्याचंही वाचीन. खाली सही केली, आत नेऊन टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचलं, खण उघडला, कागद आत टाकला आणि खण बंद केला.    मी बाहेर येऊन पाणी प्यायले आणि राहिलेली कार्डं केली.

पुढच्या महिन्यातलं पत्रक नेहमीसारखंच होतं. एक गृहस्थ विलायतेहून शिकून परत कामावर रुजू झाले होते, आणि एका हेडक्लार्कांच्या मुलाची मुंज होती. मी ते घेऊन बाइंडिंगमध्ये गेले. या खेपेला मला बसायला स्टूल ठेवलं होतं. मी बसले नाही, उभ्यानंच वाचलं. झाल्यावर मामा म्हणाले, "माजा चेडू मॅट्रिक पास झाला, ता ह्या कागदात खंय आसा?"

"नाही," मी म्हटलं.

"आमचा भाचा मोर्चावरच्या गोळीबारात पायात गोळी लागून पडला होता," दुसऱ्या एकानं सांगितलं. "काल गिरणीत परत कामावर रुजू झाला. ते तरी घालतात का बघा. तेपण रुजूच."

"ते विलायतेहून आले, हा केईएमहून आला," परळचा म्हणाला, आणि मोठा हशा झाला.

मी कागद पुन्हा वर धरला, जसं काही त्यात आहे तसा, आणि वाचल्यासारखं बोलले. "बाइंडिंग विभागातील मामांची मुलगी मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. विभागातील एका कर्मचाऱ्याचे भाचे गोळीबारातील जखम बरी होऊन गिरणीत कामावर रुजू झाले." आणि मग, कारण तो माझ्याकडेच बघत होता, "परळचे अटेंडंट यांनी ऑफिसला धर्माच्या रकान्याबद्दल पुन्हा विचारले आहे. ऑफिस विचार करत आहे."

"किती विचार करतंय म्हणून घाला," तो म्हणाला.

हसणं एकाएकी थांबलं. साहेब दारात उभे होते. किती वेळ ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मामांकडे पाहून मान किंचित हलवली, अभिनंदन केल्यासारखी, आणि निघून गेले.

अहवाल त्याच आठवड्यात गेला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, उभ्याउभ्याच. काम उत्तम. वर्तणुकीबाबत आणखी काही काळ पाहणे इष्ट. तात्पुरती मुदत आणखी सहा महिने.

"आणि वर्गाचं," ते म्हणाले, "तो आता सगळ्यांसाठी घ्यावा लागणार. हा विषय मला मराठीत येत नाही. मी तो विलायती पुस्तकांतून शिकलो, आजवर शिकवलाही इंग्रजीतूनच. तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच उभ्या राहा माझ्या शेजारी आणि मराठी करा. दर शनिवारी."

ही शिक्षा होती का, मी विचारलं नाही. "हो, सर," म्हटलं.

घरी मी मुदतीचं त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. "म्हणजे कायम झाली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"का?"

"मी पत्रक वाचून दाखवलं म्हणून."

"कुणाला?"

"ज्यांच्यासाठी होतं त्यांना."

बाबांनी आत्याला हाक मारली. पुण्याची मंडळी शनिवारी दुपारी येणार असं ठरलं. मी म्हटलं, शनिवारी दुपारी माझा वर्ग आहे. आत्या म्हणाली, "वर्ग काय पळून जातोय?" मी म्हटलं, "पहिलाच आहे." बाबा म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?" यावर मी काही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्याला घरात नेहमी होकारच समजलं जाई. शनिवारी सकाळी आत्यानं माझ्यासाठी तिची जांभळी नारायणपेठी काढून ठेवली. मी रोजची सुती साडी नेसून निघाले. जाताना बाबांना सांगितलं, "मी वर्गाला जाते आहे. ते येतील तेव्हा मी नसेन." त्यांनी वर पाहिलं. मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नाही.

वर्ग वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाशी होता. टेबलवाले एका बाजूला बसले, खाकीवाले समोर. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसं झालं. साहेब फळ्याशी आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ते एक वाक्य इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगे. पहिली काही वाक्यं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "मोठ्यानं, बाई!" परळचा म्हणाला. एक टेबलवाला हळूच म्हणाला, "आता हे ऑर्डर सोडणार." परळच्यानं ऐकलं आणि त्याच्याकडे वळून म्हणाला, "ऑर्डर नाही, साहेब. विनंती. तुम्हालापण ऐकू जाईल." मी मोठ्यानं बोलले.

साहेब वर्गीकरण सांगत होते. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. दोनशेच्या घरात धर्म. फळ्यावर त्यांनी आकडे लिहिले. त्या घरातल्या जवळजवळ सगळ्या खोल्या ख्रिस्ती धर्माला होत्या. जगातले बाकीचे सगळे धर्म शेवटच्या एका खोलीत.

परळच्यानं हात वर केला. "आमचा कुठं?"

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, दोनशे चौऱ्याण्णव, टिंब, तीन.

"ते टिंब कसलं?"

"दशांश," मी म्हटलं. "तो मोठ्या आकड्याचा पोटभाग."

तो फळ्याकडे बघत राहिला. "म्हणजे इथंपण आम्ही पोटभागात," तो म्हणाला. "घर सोडून आलो, तर इथं टिंबाच्या मागे उभं केलं. कुणी ठरवलं हे?"

साहेबांना मराठी कळत होतं. माझी गरज नव्हती. तरी ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, अमेरिकेत ठरलं, बऱ्याच वर्षांपूर्वी.

"अमेरिकेत ठरलं, बऱ्याच वर्षांपूर्वी," मी सांगितलं.

"मग बदला म्हणावं. आम्ही बदललो की."

मी साहेबांकडे पाहिलं. ऐकलेलं वाक्य मी त्यांना इंग्रजीत पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता. साहेब खडू हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले. "बदलायला हवं, खरं आहे. पण आज मला ते बदलता येत नाही. आज मी तुम्हाला ते आहे तसं शिकवतो. पुस्तक तिथे सापडलं पाहिजे ना."

"हे ठीक," परळचा म्हणाला आणि आकडा वहीत उतरवून घेतला. मामांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "सायबाक मराठी येता रे!"

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. आता ती मंडळी आमच्या जिन्यातून वर येत असतील, आता आत्या पोहे वाढत असेल, आता कुणीतरी विचारत असेल, मुलगी कुठे आहे. मला भीती वाटत होती. पण त्याच वेळी मी ‘विषयानुसार’ आणि ‘पोटविभाग’ असे शब्द शोधत होते आणि ते सापडत होते, आणि त्या टेबलाशी बसलेल्या एकाही माणसाला मी निघून जावं असं वाटत नव्हतं. माझ्या आयुष्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा मंडळी जाऊन बराच वेळ झाला होता.  जेवताना बाबांना मीठ हवं होतं ते त्यांनी मला न सांगता स्वतः उठून घेतलं.

कायमचा कागद मला पुढे मिळाला. पण त्या आठवड्यात तो नव्हता, आणि मिळेल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत्या आली. तिचा चेहरा प्रसन्न होता.

"चांगली माणसं आहेत हो," ती म्हणाली. "रागावली नाहीत. सकाळीच मुलाच्या काकांकडून निरोप आला. पुढच्या रविवारी पुन्हा येतील. एवढंच विचारलंय, की लग्नानंतर नोकरी सोडेल ना. मी म्हटलं, हो, तात्पुरतीच तर आहे."

"सोडणार नाही," मी म्हटलं.

"हळू बोल गं."

"मी नोकरी सोडणार नाही, आत्या. कायम झाली तरी नाही आणि नाही झाली तरी नाही. पुढच्या रविवारी त्यांनी येऊ नये."

शेजारच्या दारात तांदूळ निवडणाऱ्या काकूंचा हात थांबला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावर वाकलं. आत्यानं पदर सावरला. "लोक ऐकतायत," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

"ऐकू देत. म्हणजे पुन्हा सांगायला नको."

"बाबांना शब्द दिला होतास तू. अट कबूल केली होतीस."

बाबा आत खुर्चीवर बसले होते, दाराकडे पाठ करून. मी चिमटा दोरीवर लावला आणि त्यांना ऐकू जाईल असं बोलले. "केली होती. ती मी मोडते आहे, बाबा. मी कामाला कुणाच्या कागदामुळे जात नाही. मला जायचं आहे म्हणून जाते."

 आत्या माझ्याकडे, मग आत, मग काकूंकडे बघत राहिली. शेवटी बाबा म्हणाले, "दार लाव."

मी बादली उचलली, उरलेला टॉवेल पिळला आणि दोरीवर टाकला. दार उघडंच राहू दिलं.